विश्लेषण : इंजिनाची किरकिर टायमिंग बेल्टचीच असते का? गप्प बेल्टही घातक का ठरतो?

देशात नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींची खरेदी-विक्री आता अधिक होते. आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जाते, पण तिचा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद बहुतेकदा सोबत जात नाही. मग एखाद्या सकाळी बॉनेटखालून किरकिर सुरू होते आणि गॅरेजमध्ये ‘बेल्टचा आवाज आहे’ असे सांगितले जाते. बेल्ट कोणता, हा प्रश्न मात्र तिथेच विचारायला हवा. कारण एका बेल्टचे काम अर्ध्या तासात उरकते, तर दुसरा तुटला की इंजिनच उघडावे लागते.

टायमिंग बेल्टचे काम काय?

पिस्टन फिरवतात तो क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट, या दोघांना दातेरी टायमिंग बेल्ट जोडून ठेवतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची एक फेरी पूर्ण व्हावी लागते. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. आजच्या बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट तुटला किंवा त्याचे काही दाते सरकले, तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, काही वेळा पिस्टन फुटतो.

कोणत्या गाड्यांत बेल्ट, कोणत्या गाड्यांत चेन?

जुन्या मारुती ८०० मध्ये बेल्ट होता, तर मारुतीच्या के-सीरिज इंजिनांत चेन आहे. टोयोटा इनोव्हाच्या जुन्या २.५ लिटर डिझेल इंजिनात बेल्ट होता. २०१६ मध्ये आलेल्या क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलमध्ये चेन आली. रेनो डस्टरचे १.५ लिटर डिझेल, फोक्सवॅगन पोलोचे १.५ लिटर डिझेल आणि स्कोडा-फोक्सवॅगनचे सध्याचे १.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिन बेल्टवर चालते. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन गाड्यांतही फरक असू शकतो. त्यामुळे आवाजाचे निदान करण्याआधी आपल्या इंजिनात काय आहे, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहावे.

आवाज नेमका कुणाचा, हे कसे ओळखायचे?

गाडी सुरू करताच किंवा एसी लावताच येणारी ‘चीं-चीं’ बहुतेकदा टायमिंग बेल्टची नसते. ती अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टची असते, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. तपासणी सोपी आहे. इंजिन सुरू असताना हात, कपडे दूर ठेवून या बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुली एका रेषेत नसण्याची शक्यता असते. आवाज वाढला, तर बेल्ट ढिला आहे. पावसाळ्यात सकाळी ओरडणारे बेल्ट बहुधा याच गटातले असतात.

इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर वेगळी. ती बेअरिंगची खूण असते. मेकॅनिक बाहेरचा बेल्ट काढून इंजिन काही सेकंदच सुरू करतो. आवाज गेला तर दोष बाहेरच्या भागांत आहे. आवाज राहिला तर संशय टायमिंग कव्हरच्या आत जातो : टेन्शनर, आयडलर पुली किंवा बेल्टवर फिरणारा वॉटर पंप. स्टेथोस्कोप टेकवून नेमकी जागा शोधता येते.

कव्हरवर काहीतरी आपटल्यासारखा फटफट आवाज हे ढिल्या टायमिंग बेल्टचे लक्षण असू शकते. असा आवाज आल्यास गाडी चालवत गॅरेजला नेण्याऐवजी टो करून न्यावी. नवा बेल्ट बसवल्यानंतर, विशेषतः इंजिन तापल्यावर, ‘सुंई’ असा बारीक सूर लागला तर बेल्ट जास्त ताणला गेला असण्याची शक्यता असते. ॲल्युमिनियमचे इंजिन तापून प्रसरण पावते आणि ताण आणखी वाढतो. चेन असलेल्या गाडीत थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड होत असेल, तर आधी ऑइलची पातळी पाहावी, कारण अनेक इंजिनांत चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो.

आवाज नसेल तर निर्धास्त राहावे का?

नाही. बेअरिंग झिजताना ओरडते. रबर म्हातारे होताना मात्र आवाज करत नाही. बेल्टमधील काचतंतूंचे दोर आतून थकतात, दात्यांच्या मुळाशी भेगा पडतात आणि वरून बेल्ट ठीक दिसतो. ऑइल सील किंवा कूलंट गळून बेल्टवर आले, तर रबर मऊ पडते. म्हणूनच कंपन्या किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा देतात. इंजिनानुसार त्या साधारण ६० हजार ते दीड लाख किलोमीटर आणि ५ ते १० वर्षांच्या दरम्यान असतात. जी मर्यादा आधी येईल ती पाळायची. कमी चाललेल्या पण जुन्या गाडीचे मालक इथेच फसतात.

तेलात बुडालेल्या बेल्टचा वाद काय?

घर्षण आणि आवाज कमी करण्यासाठी काही कंपन्यांनी बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरवला. स्टेलांटिसच्या १.२ लिटर प्युअरटेक पेट्रोल इंजिनात अशा बेल्टचे कण सुटून ऑइलची जाळी तुंबण्याच्या तक्रारी युरोपात वाढल्या. मार्च २०२४ मध्ये कंपनीने तिथे १० वर्षे किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंतच्या दुरुस्तीची अटींसह हमी दिली. नव्या पिढीच्या इंजिनात चेन आणली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या परत बोलावल्या. तिथे दोष टायमिंगचा नव्हता, ऑइल पंप फिरवणाऱ्या बेल्टच्या टेन्शनरचा होता. त्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यात बनलेल्या होत्या. कमी आवाजाचे तंत्र कमी जोखमीचे असतेच असे नाही, हे या दोन्ही प्रकरणांतून दिसले.

दुरुस्ती कशी व्हायला हवी?

फक्त बेल्ट बदलणे ही खोटी बचत ठरते. जुना टेन्शनर वर्षभराने अडकला, तर तो नव्या बेल्टलाही घेऊन जातो. म्हणून बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि तोच बेल्ट फिरवत असेल तर वॉटर पंप, असा पूर्ण संच बसवावा. गळणारे ऑइल सील त्याच वेळी बदलावे. मजुरीचा मोठा भाग कव्हर आणि पुली उघडण्यातच जातो आणि ती मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही.

खुणा जुळवून किंवा लॉकिंग टूल लावून टायमिंग बसवल्यावर क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासणे आवश्यक असते. ही पायरी गाळली आणि एक दाता चुकला, तर किल्ली फिरवताच नुकसान होऊ शकते. आवाज घालवण्यासाठी बेल्टवर स्प्रे मारणे हा उपाय नाही. त्याने लक्षण लपते आणि रबर खराब होते.

भार कुणावर?

पीयूसी तपासणीत धूर पाहिला जातो, कव्हरखालचा बेल्ट नाही. वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. त्यामुळे तुटलेल्या बेल्टचा खर्च अखेर मालकाच्याच खिशातून जातो. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचे बिल मागावे. त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असावेत. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असे धरून त्या कामाची रक्कम सौद्यातून वळती करून घ्यावी. आणि काम झाल्यावर तारीख व किलोमीटरची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी, म्हणजे पुढच्या मालकाला आवाजावरून अंदाज बांधावा लागणार नाही.