‘गरम होते’ म्हणू नका, ‘कधी गरम होते’ ते सांगा



आज बोंडअळीचा सल्ला नाही, हवामानाचाही नाही. आज दारातल्या जुन्या पिकअपबद्दल बोलू. 207 असो, बोलेरो पिकअप असो की छोटा हत्ती, उन्हाळा लागला की केळझर-सेलूच्या पट्ट्यात एकच तक्रार ऐकू येते, "भाऊ, गाडी गरम होऊन ऱ्हायली." हरभरा-तूर बाजारात न्यायचे दिवस असतात, आणि नेमकी तेव्हाच गाडी बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी.

मग काय होतं? आपण मिस्त्रीला सांगतो, "गरम होते, पाहून घ्या." तो आधी रेडिएटर बदलतो. फरक पडला नाही की वॉटर पंप. तरी नाही, तर हेड खोलतो. पैसे तिन्हीचे जातात आणि दोष कधी कधी जुन्या झाकणात निघतो. चूक एकट्या मिस्त्रीची नाही. आपण त्याला अर्धीच माहिती दिलेली असते.

माझं मत सरळ आहे. *गाडी नेमकी कधी गरम होते हे ठरल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका.* गरम होणं हा रोग नाही, तो ताप आहे. ताप आला म्हणून डॉक्टर लगेच ऑपरेशन करत नाही. आधी विचारतो, ताप केव्हा येतो, थंडी वाजते का, किती दिवस झाले. गाडीलाही तेच विचारायचं.

*मे महिन्यातच का?*

इंजिनातलं पाणी साधारण 90 अंशांवर फिरतं. जानेवारीच्या पहाटे बाहेर 12 अंश असतील तर पाणी आणि हवा यांत 78 अंशांचा फरक असतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 वर गेला की तोच फरक 45 उरतो. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती या फरकाच्या जोरावर. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उन्हाळ्यात त्याची ताकद जवळपास 40 टक्क्यांनी कमी. म्हणून लक्षात घ्या, दोष मे महिन्यात जन्मत नाही. तो हिवाळ्यातच असतो, थंडीत झाकला जातो. "आतापर्यंत तर बरी चालत होती" या वाक्याचा अर्थ एवढाच.

*तीन वेळा, तीन कारणं*

1) *उभी असताना किंवा गर्दीत गरम होते, मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो.* बाजार समितीच्या रांगेत, बुटीबोरीच्या गर्दीत असं होतं. इथे संशय पंख्यावर. गाडी पळताना हवा आपोआप येते, उभी असताना पंख्यालाच ओढावी लागते. पट्टा ढिला आहे का पाहा. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर कुणी काढून ठेवलं आहे का पाहा, त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा नीट ओढत नाही. काही गाड्यांत पंख्याच्या मधोमध तेलावर चालणारा क्लच असतो. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. गरगर फिरत राहिला तर क्लच गेला. विजेचा पंखा असेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासा.

2) *उभी असताना ठीक, पण माल भरून वेगात किंवा चढावर गरम होते.* हिंगणी-बोरधरणाकडे जाताना असं झालं तर पंखा बहुधा निर्दोष. इथे संशय पाणी फिरण्यावर आणि रेडिएटरवर. तो बाहेरून बुजला असेल, आतून क्षाराने चोंदला असेल, थर्मोस्टॅट वॉल अर्धवट उघडत असेल, किंवा पंपाची पाती झिजली असतील. आणखी एक गोष्ट विसरू नका: ब्रेक धरून राहिला तरी इंजिनवर ताण येतो. गाडी चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, पण टेकवू नका. एकच चाक भाजत असेल तर दोष तिथे आहे.

3) *केव्हाही गरम होते आणि पाणी रोज कमी होतं.* मग पाणी कुठे जातं ते आधी शोधा. खाली थेंब, होजपाइपच्या क्लिपजवळ ओल, पंपाखाली वाळलेला पांढरा किंवा हिरवा डाग, यातलं काही दिसलं तर गळती बाहेर आहे. काहीच दिसत नसेल तर पाणी इंजिनच्या आत जात असण्याची शक्यता आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

*स्वस्त तपासण्या आधी*

पहिली गोष्ट, *गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका.* ते कुकरसारखं काम करतं. आतला दाब साधारण 1 बारने वाढवून पाण्याचा उकळबिंदू 100 वरून 120 अंशांच्या आसपास नेतं. गरम असताना उघडलं की दाब सुटतो, पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. वरचा होजपाइप हाताला थंड लागेपर्यंत थांबा, तासभर लागला तरी चालेल.

आता झाकणच पाहा. खालचं रबर कडक झालं, चिरलं, स्प्रिंग ढिली झाली, तर दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. कुकरचं रबर गेल्यावर डाळ शिजत नाही, तशातलाच प्रकार. हा सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि सगळ्यात शेवटी पाहिला जातो.

मग रेडिएटरची जाळी. आपल्या गाड्या थ्रेशरजवळ उभ्या राहतात, जिनिंगच्या आवारात उभ्या राहतात. सोयाबीनचं कुटार, कापसाचे धागे, धूळ हे सगळं जाळीत बसतं आणि समोरून दिसतही नाही. पाणी इंजिनच्या बाजूने समोरच्या दिशेला मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जाईल. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पातळ पत्रे वाकतात.

नंतर हाताची परीक्षा. गाडी गरम झाल्यावर इंजिन बंद करा आणि होजपाइपना जपून स्पर्श करा. काटा वर, वरचा पाइप भाजतो, पण खालचा गारच, असं असेल तर वॉल उघडत नाही किंवा पाणी फिरत नाही. रेडिएटरचा एखादाच भाग गार लागला तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत.

काट्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. पाणी पूर्ण संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. काटा वर जाऊन अचानक पडला तर ती सुधारणा समजू नका, गाडी ताबडतोब थांबवा.

*वॉल काढून टाकण्याबद्दल*

"आपल्याकडे ऊन आहे, वॉल काढून टाका, गाडी गार राहील." हा सल्ला आपल्या भागात सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. बऱ्याच इंजिनांत हा वॉल दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातं आणि गाडी आणखी तापते. हिवाळ्यात उलटा त्रास: इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल जास्त लागतं, झीज वाढते.

वॉल खराब आहे की नाही हे घरीच कळतं. जुन्या भांड्यात पाणी घ्या, वॉल दोरीने त्यात लटकवा आणि तापवा. पाणी उकळण्याआधी तो उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवीन घाला. पण काढून टाकू नका. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

*बोअरचं पाणी*

घरच्या कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो तुम्ही दर उन्हाळ्यात खरवडता. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकलं तर तोच थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो आणि तिथे खरवडता येत नाही. कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं वापरा. कूलंटमुळे गंज लागत नाही आणि पाणी उशिरा उकळतं. वाटेत नाइलाजाने विहिरीचं पाणी टाकलंच, तर त्याच आठवड्यात बदला.

एक इशारा: कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट गोठ्याजवळ किंवा नालीत ओतू नका. ढोरं, कुत्री पितात आणि मरतात. लेकरांच्या हाती लागेल असंही ठेवू नका.

*हेड गॅसकेटचा संशय केव्हा घ्यावा?*

थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक होतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतो, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर गाडी चालवू नका. आणि एकही दिसत नसेल तर "हेड खोलून पाहू" याला लगेच हो म्हणू नका.

*रस्त्यात तापली तर*

काटा वर चढू लागला की "बाजारापर्यंत पोचू" असा विचार करू नका. हेड वाकतं ते बहुतेक वेळा त्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये. सावलीत थांबा. वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

कुणी म्हणेल, भाव आजचा आहे, गाडी थांबवणं परवडत नाही. खरं आहे. पण केळझरहून नागपूर 50 किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघालात तर ऊन लागायच्या आत पोचता. आणि पासिंगपेक्षा चार पोती जास्त भरून दुपारी 2 वाजता निघालात, तर त्या पोत्यांचा नफा हेडच्या कामात जातो.

*कंपनीने काय करावं?*

रेडिएटर तपासायचा हातपंप मिळतो. फवारणी पंपासारखाच, वर दाब दाखवणारा काटा. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी लावायचा, दाब द्यायचा आणि पाहायचं. दाब उतरला की गळती आहे. हे साधन एकट्या शेतकऱ्याने घेण्यात अर्थ नाही, पण सगळ्यांसाठी एक घेऊन कंपनीच्या गोदामात ठेवण्यात आहे. ट्रॅक्टरलाही ते चालतं. येत्या सभेत हा विषय घ्यावा, असं माझं म्हणणं आहे.

तोवर तुम्ही एक करा. गाडीत एक वही ठेवा. तापली की चार गोष्टी लिहा: *किती वाजता, उभी होती की चालू, किती माल होता, किती पाणी टाकलं.* आठ-दहा दिवसांत चित्र स्पष्ट होईल. मिस्त्रीकडे जाताना ती वही आधी द्या, चावी नंतर. चांगला मिस्त्री ती वाचून निम्मं काम तिथेच संपवेल. आणि जो वही न पाहताच पाना उचलेल, त्याच्याकडे गाडी सोडायची की नाही, हे तुम्हीच ठरवा.