आधी घाट, मग मोजणी

परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या बोरीतून सह्याद्री दिसत नाही. तरीही बोरीच्या शिवारातला कापूस किंवा सोयाबीन न्हावा-शेवा बंदरापर्यंत न्यायचं, तर ट्रकला कुठला ना कुठला घाट उतरावाच लागतो. आपल्याकडचे महामार्ग नेमके तिथेच रखडतात. सपाटीवरच्या शेतकऱ्याने जमीन दिलेली असते, फिती कापून झालेल्या असतात, आणि डोंगरातलं काम मात्र अर्धवट असतं.

समृद्धी महामार्गाचंच पाहा. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. पुढच्या मे महिन्यात तो भरवीरपर्यंत आणि मार्च 2024 मध्ये इगतपुरीपर्यंत पोचला. राहिले होते 76 किलोमीटर. त्यांना जून 2025 उजाडला, कारण त्यातच कसाऱ्याचा डोंगर होता, जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा होता आणि दऱ्यांवरचे उंच पूल होते. तोवर सव्वा वर्ष नव्या रस्त्यावरून सुसाट आलेल्या गाड्या इगतपुरीला जुन्या कसारा घाटात शिरत होत्या. आज तो डोंगर काही मिनिटांत पार होतो. काम उत्तम झालं आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं.

मुंबई-गोवा महामार्गाची कथा याहून दुखरी आहे. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली, आणि तेव्हापासून दर गणपतीला कोकणातला चाकरमानी खड्ड्यांतूनच गावी गेला. तिथे सगळा दोष डोंगराचा नव्हता. भूसंपादन रखडलं, ठेकेदार बदलले. पण चिपळूणजवळच्या परशुराम घाटात जे झालं, ते डोंगर समजून न घेतल्याचंच फळ होतं. रुंदीकरणासाठी उभ्या कापलेल्या डोंगराची माती पावसाळ्यात खाली येत राहिली. 2022 च्या उन्हाळ्यात कामासाठी हा घाट रोज काही तास बंद ठेवावा लागला. कशेडीला मात्र पोलादपूर आणि खेडच्या मधला डोंगर बोगद्याने ओलांडला आणि जुन्या घाटाची नागमोडी वाट टळली. दोन्ही घाट एकाच महामार्गावर, एकाच पावसात उभे आहेत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, तरी खंडाळ्याच्या घाटाला पर्याय देणाऱ्या तेरा किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’चं काम 2019 मध्ये सुरू झालं, आणि ठरलेल्या तारखा एकामागून एक मागे पडत गेल्या. म्हणजे पैसा आणि यंत्रं असलेल्या मार्गावरही घाट शेवटीच आला.

हे सगळं परभणीत बसून मांडायचं, कारण पुढची पाळी या जिल्ह्याची आहे. समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड मार्ग इथूनच जातो. पवनार ते पत्रादेवी या शक्तिपीठ महामार्गाच्या 802 किलोमीटरच्या मूळ आखणीतही परभणी आहे, आणि त्या रस्त्याला शेवटी सह्याद्री उतरून सिंधुदुर्गात जायचं आहे. त्याला विरोध करणारे शेतकरी विकासाचे वैरी नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी जमीन एकदा गेली की परत मिळत नाही. घाटातली आखणी मात्र कागदावर कितीदाही बदलता येते.

म्हणून क्रम उलटा करावा. घाटात भूगर्भात छिद्रं घेऊन खडक तपासावा, वनखात्याची मंजुरी मिळवावी, बोगदा की कापणी हे ठरवावं, बोगद्यातून निघणारा दगड कुठे टाकणार हे लिहून द्यावं आणि खर्चाचा आकडा जाहीर करावा. हा अहवाल सोप्या मराठीत बाधित गावांच्या ग्रामसभेपुढे वाचला जावा, प्रश्नांना अधिकाऱ्यांनी तिथेच उत्तरं द्यावीत, आणि त्यानंतरच जमिनीच्या संयुक्त मोजणीची नोटीस निघावी. यात वर्ष-दीड वर्ष जाईल. इगतपुरीला तेवढा वेळ असाही गेलाच, आणि तोही सपाटीवरच्या सगळ्या जमिनी घेऊन झाल्यावर.