मावशींच्या कागदावर सही



गेल्या महिन्यात स्वाध्याय झाल्यावर आपल्या महिला मंडळात एक कागद फिरला. ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते, त्यावर तीन कलमं होती. धुणं, भांडी आणि फरशीला ठरलेल्या आकड्याच्या वर कोणी द्यायचं नाही. महिन्यात दोनपेक्षा जास्त खाडे झाले तर पैसे कापायचे, आणि सगळ्यांनी सारखेच कापायचे. एका घरचं काम सोडलेल्या बाईला त्या घराला विचारल्याशिवाय दुसऱ्या घराने कामावर ठेवायचं नाही. खाली 23 सह्या होत्या.

मी सही केली नाही, पण बोललेही नाही. त्याआधी तासभर आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचत होतो, अहिंसाणुव्रताचे अतिचार. पुस्तक मिटून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर हा कागद आला. मला काय बोलावं तेच सुचेना. आता लिहिते आहे.

अतिचार पाच आहेत आणि आपल्यातल्या बऱ्याच जणींना पाठशाळेपासून पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. रत्नकरंड श्रावकाचारातही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच पाच आहेत. पहिले तीन ऐकले की आपल्याला हायसं वाटतं, कारण आपण कोणाला बांधत नाही, मारत नाही, कोणाचा अवयव कापत नाही. चौथ्याला आपण बैलगाडीचं उदाहरण देतो. बैलाच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं गाडीत भरायचं नाही. बैल आता घरी कोणाकडे आहे? अर्थ सांगताना पंडितजींनी जनावरांबरोबर नोकरचाकरही म्हटलं होतं, तो शब्द आपण ऐकला आणि सोडून दिला.

चातुर्मासातली आपली घरं आठवा. महाराजांचा आहार आपल्याकडे व्हावा म्हणून पहाटेपासून चौका लागतो. पाणी गाळायचं, गाळण्यावर राहिलेले जीव हलक्या हाताने परत पाण्यात सोडायचे, धान्य दाणा दाणा निवडायचं, सोवळ्याची भांडी वेगळी. ही सगळी भांडी आदल्या रात्री घासतं कोण? मावशी. त्यासाठी रोजच्या दोन फेऱ्यांची तिसरी होते. पर्युषणात दहा दिवस पाहुणे, पारण्याला पंचवीस पानं. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची म्हणून मावशींनी पाचलाच यायला हवं, आणि पाचला चारही घरांना त्या एकाच वेळी हव्या असतात. या दिवसांचे जास्तीचे पैसे किती जणी देतात? मीही बरीच वर्षं दिले नाहीत. साडी द्यायचे, तीसुद्धा मला कोणीतरी दिलेली आणि मला न आवडलेली.

आणि पाचवा, अन्नपाननिरोध. आपल्या मंडळातल्या एका घरी मावशींसाठी पाण्याचा पेला गॅलरीत पालथा ठेवलेला मी पाहिला आहे. त्या घरी मुंगी मारत नाहीत. मी नाव घेत नाही, पण ज्यांचा पेला आहे त्यांना कळेल.

आता तिकडच्या बायांच्या मागण्या बघू, ज्यांच्यामुळे आपला हा कागद निघाला. घरकामगार बायांची संघटना आपल्या भागात सभा घेऊन गेली. त्यांनी आठवड्याची एक भरपगारी सुट्टी मागितली, दिवाळीला एक पगार बोनस, दरवर्षी थोडी वाढ, आणि कामावरून काढायचं तर महिनाभर आधी सांगा. एवढंच. आपल्या घरातला कोणीही पुरुष याहून कमी मिळत असेल तर ती नोकरी सोडेल.

यावर आपल्याकडे पहिलं वाक्य आलं, ‘हे राजकारण आहे, संघटना बायकांना बिघडवते.’ बरं. मग आपला कागद काय आहे? सगळ्यांनी मिळून दर ठरवायचा, सगळ्यांनी मिळून कापायचं, आणि जी सोडून जाईल तिला दुसरीकडे काम मिळू द्यायचं नाही. ही मालकिणींची संघटनाच झाली की! आपण एकत्र आलो तर ती शिस्त आणि त्या एकत्र आल्या तर राजकारण, हे मला पटवून द्या, मी कागदावर सही करते.

पुण्याला हे नवीनही नाही. 1980 साली याच शहरात मोलकरणींनी संप केला होता. आजारपणात खाडे झाले म्हणून एकीला कामावरून काढलं, त्यावरून सुरुवात झाली आणि गल्लीगल्लीतून बाया बाहेर पडल्या. संघटना त्यानंतर उभी राहिली, पुणे शहर मोलकरीण संघटना. संघटनेने बायांना बिघडवलं असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरा लक्षात घ्यावा. दिवाळीचा बोनस आज आपल्याला रीत वाटते, आपण उदारपणाने देतो असंही वाटतं. तो त्या बायांनी भांडून मिळवलेला आहे.

दुसरं वाक्य आलं, ‘आमच्याकडे ती घरच्यासारखीच आहे.’ हे मी स्वतः कितीदा म्हटलं असेल. म्हणून माझीच गोष्ट सांगते.

आमच्या मावशी अकरा वर्षं आमच्याकडे आहेत. त्यांची आई बहात्तरच्या दुष्काळात करमाळ्याकडून पुण्यात आली, खडी फोडायला. पुढे बांधकामावर, मग घरकामाला. मावशींचं सगळं आयुष्य चार घरांच्या मोरीत गेलं. 2019 साली त्या एक छापील कागद घेऊन आल्या. ‘वहिनी, तेवढी सही पाहिजे, कामगार ऑफिसात द्यायचाय.’ महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. 18 ते 60 वयाच्या बाईला त्यात नाव नोंदवता येतं. त्यासाठी ती घरकाम करते असा मालकाचा दाखला लागतो, तो हा कागद. मी यजमानांना दाखवला. ते म्हणाले, ‘लेखी काही देऊ नकोस, उद्या कोर्टात उभं करतील.’ मी तो फ्रिजवरच्या डब्याखाली ठेवला. मावशींनी दोनदा विचारलं, मी दोनदा ‘बघते’ म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

2020 मध्ये टाळेबंदी झाली. आम्ही त्यांना दोन महिने घरबसल्या पगार दिला, आणि इथेच मी त्यावर एक लेख लिहिला होता, ‘दान आणि करुणा’ वगैरे. तुम्ही खूप कौतुक केलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा सरकारने नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना 1,500 रुपये जाहीर केले. मावशींच्या शेजारणीला मिळाले. मावशींना मिळाले नाहीत, त्यांची नोंदणीच नव्हती. त्यांनी मला काही म्हटलं नाही. मीच फ्रिजवर हात फिरवला तर कागद डब्याला चिकटून पिवळा पडला होता.

1,500 रुपये म्हणजे काही फार नाही, असं तुम्ही म्हणाल. माझ्यासाठी नाही. पण मी त्यांचं काय अडवलं तो हिशेब माझ्या आवडीनिवडीने व्हायचा नाही. एखाद्याला मिळणाऱ्या लाभात विघ्न आणलं की अंतराय कर्माचा बंध होतो, हे आपल्याला सूत्रात सांगितलं आहे. म्हणून ‘ज्याचं त्याचं पूर्वकर्म, त्याला आपण काय करणार’ असं जेव्हा मंडळात कोणी म्हणालं तेव्हा मला धस्स झालं. मावशींची गरिबी त्यांच्या लाभांतरायाची असेल, मला ते दिसत नाही. माझा लाभांतराय मात्र मला दिसतो, तो डब्याखाली होता.

आणि कोर्टाची भीती? मी नंतर त्या कायद्याची माहिती काढली. त्यात पगाराचा आकडा नाही, कामाचे तास नाहीत, सुट्टी नाही. मालकिणीने त्यात भरायचे पैसे नाहीत. मंडळ तर कित्येक वर्षं कागदावरच राहिलं. खरी तक्रार करायची तर कायदा लुळा आहे अशी करायला हवी. बेळगाव-चिकोडीकडे ज्यांची माहेरं आहेत त्यांनी तिकडे विचारावं, कर्नाटकाने 2004 सालीच घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 च्या जून महिन्यात घरकामगारांसाठी करार केला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं आणि घरी येऊन त्याला मान्यता मात्र दिली नाही. अगदी आपल्यासारखंच, सभेत माना डोलावायच्या आणि घरी कागद डब्याखाली ठेवायचा.

माझी भाची न्यू जर्सीला असते. हा विषय तिच्याजवळ काढला तेव्हा तिने न्यूयॉर्कची हकीकत सांगितली. तिथे मुलं सांभाळणाऱ्या, म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बाया बहुतेक परदेशातून आलेल्या, कॅरिबियन बेटांवरून, दक्षिण अमेरिकेतून, आशियातून. त्यांनी ‘डोमेस्टिक वर्कर्स युनायटेड’ नावाची संघटना बांधली आणि कायद्यासाठी सहा-सात वर्षं झगडल्या. मला त्यातली एक गोष्ट फार लागली. त्यांच्या बाजूने काही मालकिणीही उभ्या राहिल्या, आणि त्या आपल्या धर्माच्या नावाने उभ्या राहिल्या. ज्यू समाजातल्या एका संस्थेने ‘शलोम बायित’ म्हणून मोहीम चालवली. त्या शब्दांचा अर्थ घरातली शांती. त्यांच्या प्रार्थनामंदिरांतून, एकमेकींच्या बैठकीच्या खोल्यांतून त्या बोलल्या, की आपल्या घरात काम करणारीला रजा आणि रास्त पगार नसेल तर ही शांती कसली? आल्बनीला जाऊन आमदारांना सांगितलं की आम्ही मालक आहोत आणि आम्हाला हा कायदा हवा आहे. 2010 साली तो झाला. आठवड्याला एक दिवस विश्रांती, वर्षभर काम केल्यावर तीन दिवस भरपगारी रजा, जास्तीच्या तासांना जास्त दर. फार मोठं नाही, पण लेखी.

त्या बायांनी कामगार स्त्रियांचं नेतृत्व आपल्या हातात घेतलं नाही, हेही भाचीने मुद्दाम सांगितलं. मागण्या काय असाव्यात ते कामगार बायाच ठरवायच्या, ह्या मागे उभ्या राहायच्या. आपल्याला हे जड जाईल. आपल्याला हळदीकुंकवापासून रक्तदानापर्यंत माईक आपल्याच हातात लागतो.

खर्चाचंही बोलते, नाहीतर म्हणाल ही सोयीचं बोलते. मी मावशींना धुणं, भांडी आणि फरशीचे 3,500 देते. एक पगार बोनस म्हणजे वर्षाचे 3,500. आठवड्याची सुट्टी म्हणजे चार दिवस मी स्वतः भांडी घासायची, पैसे तेवढेच. यंदा दशलक्षणात पहिल्या कलशाची बोली 21,000 वर गेली, टाळ्या वाजल्या. बोली बोलणाऱ्या घराचं मला वाईट वाटत नाही, देवाचं देवाला. पण त्याच घराने मंडळाच्या कागदावर खाड्याचे पैसे कापायला पहिली सही केली आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना पेठेत मापात मारणं हे चोरीत धरायला शिकवलं होतं, हीनाधिक मानोन्मान हा अचौर्याचाच अतिचार. ताप आलेल्या बाईचे दोन दिवस कापणं हे मापात मारणं नाही तर काय आहे?

सगळ्यांनाच हे परवडत नाही हेही मला ठाऊक आहे. आपल्यातल्या काही जणी एकट्या पेन्शनवर राहतात, गुडघे गेलेले आहेत, मावशी आली नाही तर चूल पेटत नाही. त्यांनी कामाचे तास कमी करून घ्यावेत, पण दर पाडू नये. दर ठरवायचाच असेल तर बायांच्या संघटनेला बोलावून समोर बसून ठरवावा. मी त्यांच्यातल्या एकीशी बोलले आहे, त्या यायला तयार आहेत. फक्त त्यांनी विचारलं, ‘खुर्चीवर बसवाल ना?’ मला उत्तर द्यायला एक क्षण लागला, आणि तो क्षण त्यांनी पाहिला.

तो 23 सह्यांचा कागद मागे घ्यावा, असं मी अध्यक्षबाईंना लेखी दिलं आहे. त्या रागावल्या आहेत. माझ्या जाऊबाईंचीही त्यावर सही आहे, त्यामुळे घरीही दोन दिवस वातावरण गरम आहे. असू दे.

येत्या रविवारी स्वाध्यायानंतर मी मंदिराच्या मागच्या खोलीत दाखल्याचे कोरे कागद घेऊन बसणार आहे. कामगार कार्यालयात नेऊन द्यायचं कामही मी करीन. मावशींचे फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स लागेल. आधार कार्डावर नाव जसं आहे तसंच लिहावं लागतं, तेव्हा त्यांचं पूर्ण नाव विचारून या. मला अकरा वर्षं माहीत नव्हतं.