चढणीवर लागणारा दम

रत्नागिरी हे चढउतारांचे गाव. बाजारातून घरी परतताना चढणीवर दम लागणे येथे कोणालाच नवे वाटत नाही. त्यामुळे एखादी गृहिणी एक जिना चढून थांबू लागली, तर ‘वय झाले’, ‘रक्त कमी असेल’, ‘उपवासाचा थकवा’ अशी कारणे सहज पुढे येतात. पुष्कळदा ती खरीही असतात. काही वेळा मात्र फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असतो, आणि दंडावर मोजलेल्या रक्तदाबात तो दिसत नाही.

विश्रांतीच्या वेळी या वाहिन्यांतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे १४ मिलिमीटर इतका असतो. तो २० च्या वर गेला की विकार मानला जातो.

प्रत्येक पेशीतील डीएनए रोज थोडाफार तुटतो आणि पेशी तो दुरुस्त करते. दुरुस्ती अशक्य झाल्यास पेशीने नष्ट व्हावे, हा शरीराचा नियम. या विकाराच्या एका गंभीर प्रकारात वाहिनीच्या भिंतीतील बिघडलेल्या पेशी नष्ट न होता वाढत राहतात. भिंत जाड होते, पोकळी अरुंद होते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर भार पडतो. काही घराण्यांत हा आजार आनुवंशिक असतो. त्यास कारण ठरणारे बीएमपीआर-२ हे जनुक २००० साली ओळखले गेले. पुढे रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांच्या रक्तपेशींतही डीएनएची हानी अधिक आढळली. म्हणजे लक्षणांपूर्वीच ही मोडतोड सुरू होत असावी.

सिल्डेनाफिलसारखी औषधे वाहिन्या सैल करतात, श्वास सुलभ करतात. पण जाड झालेली भिंत पूर्ववत करणे अद्याप कठीण आहे. म्हणून लवकर निदानाचे मोल मोठे. हृदयातील छिद्र, झडपेचा दोष, फुप्फुसातील जुनी रक्ताची गुठळी किंवा चुलीच्या धुराने जर्जर झालेली फुप्फुसे यांमुळेही दाब वाढतो, आणि यांतील काही कारणांवर वेळीच इलाज होऊ शकतो.

वाढता दम, चढताना भोवळ, पायांवर सूज किंवा ओठ निळसर होणे, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना भेटून हृदयाच्या टूडी एको तपासणीविषयी विचारावे. दाबाचा पहिला अंदाज तिच्यातून मिळतो. निदान झालेल्या रुग्णाने उपवासाच्या दिवसांतही डॉक्टरांना विचारल्याविना औषध थांबवू नये.

घरात सर्वांसाठी राबणारी व्यक्ती आपला दम बहुधा लपवते. तो घरच्यांनीच ओळखायला हवा.