भाकरी बांधून माथेरान

मंडळी, मळणी आटोपली, भात कणगीत पडले, पेंढाही रचून झाला. वालाची रोपे वर येईपर्यंत चार दिवस हात थोडे मोकळे आहेत. अशा वेळी घरात एक विषय हमखास निघतो. मुले म्हणतात, सिनेमात दिसतात तसले चहाच्या मळ्यांचे डोंगर बघायला जाऊ. घरधनी म्हणतात, बघू पुढच्या साली. घरधनीण काहीच म्हणत नाही, कारण तिला कुणी विचारलेलेच नसते.

चहाचे मळे पाहायचे तर मुन्नार, निलगिरी नाही तर दार्जिलिंग गाठावे लागते. जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस मोडतात. तेवढे दिवस गोठ्यातल्या म्हशीला कोण बघणार? आपल्या सह्याद्रीवर पाऊस काही कमी नाही, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. चहाच्या झाडाला वर्षभर थोडाथोडा ओलावा लागतो. म्हणून आपल्या डोंगरावर चहा नाही. जांभूळ, हिरडा नि अंजन आहे. ती सावली काही कमी नाही, आणि तिच्यासाठी मुक्कामही करावा लागत नाही.

बेलवली, एरंजाड, सोनिवली या बाजूच्या घरांना माथेरान म्हणजे शेजारच आहे. सकाळची धार काढा, दूध पोचवा आणि बदलापूरहून लोकल पकडा. मात्र ती कर्जत किंवा खोपोलीची असली पाहिजे. वांगणी, शेलू आणि मग नेरळ. स्टेशनाबाहेर माणशी भाड्याच्या टॅक्स्या असतात, त्या दस्तुरी नाक्यापर्यंत नेतात. पाय धडधाकट असतील तर नेरळहून चालत चढणारेही पुष्कळ आहेत. अडीच-तीन तास लागतात. मुले छोट्या गाडीचा हट्ट धरतील. ही गाडी १९०७ साली सुरू झाली. तिची तिकिटे थोडी आणि गर्दी फार, म्हणून तिच्या भरवशावर दिवस घालवू नका. पावसाळ्यात तर नेरळहून वर येणारी गाडी बंदच असते.

दस्तुरीच्या पुढे मोटारी जात नाहीत. नाक्यावर नगरपालिकेचा प्रवेशकर भरावा लागतो, सुटे पैसे जवळ ठेवा. इथेच घोडेवाले गाठतात नि 'पायी जमायचे नाही' म्हणून घाबरवतात. भर उन्हात चिखलणी करणाऱ्या बाईला दोन-तीन किलोमीटर सावलीची वाट जमणार नाही, हे त्यांनाच सांगा! गुडघे धरलेल्या आजी बरोबर असतील तर त्यांच्यासाठी विजेवरच्या रिक्षा २०२२ च्या अखेरीपासून धावू लागल्या आहेत. नाक्यावर चौकशी करावी.

खरा पैसा जातो तो घोड्यावर, हॉटेलात नि मुक्कामाला. तिन्ही टाळता येतात. भाकरी, ठेचा, कांदा, सुकी चटणी घरून बांधून न्यावी, पाण्याची बाटलीही भरून घ्यावी. पिशवी तोंड बांधूनच धरा, माकडे फार धीट आहेत. उरलेले कागद-प्लास्टिक परत घरी आणावे.

आता पाहायचे काय? टोके तीसेक आहेत, सगळी एका दिवसात होत नाहीत. माझे ऐकाल तर पॅनोरमा टोक धरा. ते डोंगराच्या उत्तर अंगाला, बाजारापासून लांब, म्हणून गर्दी कमी. उंची सुमारे ८०० मीटर, म्हणजे अडीच हजार फुटांहून अधिक. समोर पेबचा किल्ला, खाली नेरळचे खाचर-बांध, आणि त्यांतून वळत वांगणी-बदलापूरकडे जाणारी उल्हास नदी. डोंगराच्या या बाजूचे पाणी ओढ्यांनी तिलाच मिळते. मुलांना तिथे बसवून दाखवा, पाणी कुठून येते नि आपली जमीन कुठे आहे ते. बेलवलीची किती खाचरे इमारतींखाली गेली हे घरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. मुलांना ते वरून एकदा दाखवायला हवे. कडा मात्र सरळ तुटलेला आहे. लहानांचा हात सोडू नका.

पुस्तकात लिहितात, १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान शोधले. चौकच्या पाटलाने त्यांना वाट दाखवली, आणि धनगर-ठाकर मंडळी तर आधीपासूनच डोंगरावर वावरत होती. मग शोधले कुणी, ते तुम्हीच ठरवा.

दुसरे नाव मुलांच्या कानावर जरूर घाला. भाई कोतवाल याच माथेरानचे, १ डिसेंबर १९१२ चा जन्म. नाभिकाच्या घरचा मुलगा वकील झाला, नि सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्यासाठी त्याने धान्यकोठी काढली. बेचाळीसच्या लढ्यात मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळीला बळी पडला. डोंगरावरच्या वाटा चालताना ही हकीकत सांगितली, की मुले पाय दुखल्याची तक्रार विसरतात.

शनिवार-रविवार नि नाताळची सुट्टी टाळा, भाडी चढतात. उन्हे कलली की उतरायला लागा. अंधार पडल्यावर दस्तुरीला टॅक्सीसाठी खोळंबा होतो. संध्याकाळच्या धारेला थोडा उशीर होईल, तेवढे शेजारच्या वहिनींना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पुढच्या आठवड्यात त्यांची म्हैस तुम्ही सांभाळा नि त्यांना पाठवा.