अंबाडीचे बोंड आणि ‘हिबिस्कस टी’चा डबा

औषधालयाच्या काचेच्या कपाटात च्यवनप्राश आणि त्रिफळा चूर्णाच्या शेजारी अलीकडे रंगीत चहांचे डबे येऊन बसले आहेत. कुणी निळा, कुणी जांभळा. पण सर्वाधिक खपतो तो माणकासारखा तांबडा ‘हिबिस्कस टी’. डब्यावर रक्तदाब, मेद, यकृत, त्वचा आणि केस अशा सर्वांच्या कल्याणाची हमी असते. रुग्ण तो डबा घेऊन चिकित्सालयात येतो आणि विचारतो, “वैद्यसाहेब, याने बीपी उतरतो म्हणतात; मग गोळी बंद करू का?” या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी डब्यात नेमके काय आहे हे वैद्याला आणि विक्रेत्याला ठाऊक असले पाहिजे. आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे, याविषयी प्रस्तुत लेखकाला रास्त शंका आहे.

‘हिबिस्कस’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गणपतीला वाहण्याची जास्वंद उभी राहते. अनेक वेष्टनांवर चित्रही जास्वंदीचेच असते. प्रत्यक्षात ज्या पेयावर देशोदेशी अभ्यास झाले, ते जास्वंदीचे नव्हे. ते लाल अंबाडीचे आहे. जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, लाल अंबाडी म्हणजे हिबिस्कस सबडॅरिफा, आणि आपली दोरखंडाची नेहमीची अंबाडी म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस. कुल एक, प्रजाती तीन, गुण निरनिराळे. शिवाय ज्याला ‘फुलांचा चहा’ म्हणतात त्यात फूल नसतेच. अंबाडीचे फिकट पिवळे, मध्यभागी गडद तांबडे फूल उमलते आणि गळून पडते. त्यानंतर त्याचा निदलपुंज फुगून मांसल व लालभडक होतो. तेच बोंड. पाण्यात उतरतो तो या बोंडाचा रंग आणि बोंडाचाच आंबटपणा.

ही केवळ वनस्पतिशास्त्राची कीस काढणी नव्हे. जास्वंदीच्या फुलांचा गर्भस्थापनेवर प्रतिकूल परिणाम उंदरांवरील प्रयोगांत नोंदला गेला आहे. अपत्याची आस असलेल्या स्त्रीला कुणी ‘हिबिस्कस’ या एका नावाखाली जास्वंदीच्या पाकळ्यांची पूड रोज पाजली, तर त्या चुकीची जबाबदारी कोण घेणार? संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. शंखपुष्पी, रास्ना, पाषाणभेद यांच्या नावाने प्रांतोप्रांती काय काय विकले जाते, हे आपण जाणतो. त्या यादीत स्वतःच्या हाताने आणखी एका नावाची भर घालण्याचे काहीही कारण नाही. सुदैवाने येथे पारख सोपी आहे. अंबाडीचे वाळलेले बोंड जिभेवर ठेवताच दात आंबतात. जास्वंदीची पाकळी सौम्य आणि बुळबुळीत लागते.

लाल अंबाडीचे मूळ आफ्रिकेतले मानले जाते. सुदान व इजिप्तमध्ये या पेयाला ‘करकदे’ म्हणतात, सेनेगलमध्ये ‘बिसाप’. गुलामांच्या व्यापाराबरोबर बियाणे अटलांटिकपार गेले. जमैका बेटावर १७०७ मध्ये तिची लागवड होत असल्याची नोंद आहे, आणि मेक्सिकोत आजही या बोंडांना जमैकाचेच नाव आहे. आंध्र-तेलंगणात तिचा पाला ‘गोंगुरा’ म्हणून घरोघरी शिजतो. म्हणजे ही वनस्पती जगभर कधीच अनोळखी नव्हती; अनोळखी झाली ती आपल्याच बाजारपेठेत, इंग्रजी नाव लावून आल्यामुळे.

खानदेशाला तर अंबाडी नव्याने सांगण्याची गरजच पडू नये. कापसाच्या किंवा ज्वारीच्या शेतात कडेने अंबाडीच्या ओळी टाकायच्या, पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची कण्या घालून लसणाच्या फोडणीची भाजी करायची, पुढे खोडे पाण्यात कुजवून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे, हा शेतकऱ्याच्या घरचा क्रम होता. नायलॉनचा दोर आला आणि अंबाडीची ओळ शेतातून उठली. भाजी उरली, ती आठवडी बाजारातल्या जुडीपुरती. लाल बोंडाची चटणी आणि सरबत आता काही घरांतच होते. विदर्भात ते अजून बऱ्यापैकी टिकून आहे. आपल्या बांधावरचे बोंड आपण टाकून द्यायचे आणि तेच परदेशी नावाच्या डब्यातून चढ्या भावाने विकत आणायचे, हा व्यवहार वैद्याला शोभणारा नाही.

आता शास्त्राकडे वळू. काही माहितीपत्रकांत अंबाडीला ‘अंबष्ठा’ म्हणून ग्रंथाधार जोडलेला दिसतो. निघंटूंत अंबष्ठा हा पाठेचा पर्याय आहे. पाठा ही तिक्त रसाची वेल, अंबाडी हे आम्ल रसाचे क्षुप. नावाच्या ध्वनिसाम्यावर गुणकर्म उचलून आणणे हा प्रमाणाचा मार्ग नव्हे. अंबाडीचे बोंड ग्रंथोक्त नसेल तर तसे मोकळेपणाने म्हणावे आणि रस, वीर्य, विपाकाच्या कसोटीवर त्याचा विचार करावा. असा विचार करण्याची मुभा आपल्या शास्त्राने कधी नाकारलेली नाही.

रक्तदाबाविषयीचा दावा मात्र निव्वळ हवेतला नाही. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तदाब किंचित वाढलेल्या, पण त्यासाठी औषध न घेणाऱ्या ६५ व्यक्ती होत्या. एका गटाने सहा आठवडे दररोज तीन वेळा, प्रत्येक वेळी २४० मि.लि. असा अंबाडीचा फांट घेतला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ मि.मी.ने उतरला, तशाच चवीचे नुसते पाणी घेणाऱ्यांचा १.३ मि.मी.ने. परिणाम खरा आहे, आणि मर्यादितही आहे. ज्याचा रक्तदाब १७० आहे त्याने यावर विसंबून गोळी सोडावी, असे त्या अभ्यासातून कोणत्याही मार्गाने निघत नाही. रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे: गोळी बंद करायची नाही.

येथे मात्रेचा एक मुद्दा आवर्जून मांडावासा वाटतो, कारण तो कुठे चर्चिलेला दिसत नाही. त्या अभ्यासात २४० मि.लि. पाण्यास १.२५ ग्रॅम द्रव्य होते, म्हणजे एकास १९२ असे प्रमाण. शार्ङ्गधरोक्त फांटात एक पल द्रव्यास एक कुडव उष्णोदक, म्हणजे एकास चार. आपला ग्रंथोक्त फांट त्या चहापेक्षा ४८ पट घट्ट होतो. तेव्हा ‘फांटच तर आहे’ असे म्हणून कुणी शार्ङ्गधराच्या प्रमाणाने अंबाडी देऊ लागेल, तर तो अभ्यासाचाही आधार सोडतो आणि रुग्णाचे आमाशयही धोक्यात घालतो. इतक्या तीव्र आम्लाने दंतहर्ष, विदाह आणि अम्लपित्त होणारच. लाल तिखट, शेंगदाणे आणि तेलाची तर्री यांवर पोसलेल्या खानदेशी प्रकृतीत अम्लपित्ताचे रुग्ण आधीच कमी नाहीत.

याच ओघात ‘उन्हाळ्यात थंडावा देणारा चहा’ या जाहिरातीविषयी. जळगाव-भुसावळचा पारा वैशाखात ४५ अंशांपलीकडे जातो आणि नेमका तेव्हाच या डब्यांचा खप वाढतो. वाग्भटाने ग्रीष्मचर्येत लवण, कटू आणि अम्ल वर्ज्य सांगितले आहे. मग कैरीचे पन्हे कसे चालते, असे कुणी विचारील. पन्ह्यात गूळ असतो, वेलदोडा असतो, कैरी शिजवलेली असते. आम्लाला मधुराची जोड आहे. अंबाडीचे बोंडही त्याच रीतीने, पातळ आणि खडीसाखर घालून द्यावे, असे आमचे मत आहे. मधुमेही रुग्णास मात्र ही सोय उरत नाही. त्याला ग्रीष्मात ते न दिलेलेच बरे.

औषधांच्या परस्परक्रियेकडे आपल्या वर्गाचे लक्ष कमी असते. सुदानमधील १९९४ च्या अभ्यासात करकदे सोबत घेतल्याने क्लोरोक्विनचे शोषण घटल्याचे दिसले. शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुडा पायथ्याशी काम करणाऱ्या वैद्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हिवतापाचा रुग्ण क्लोरोक्विनवर असताना हे पेय पूर्ण बंद हवे. लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडवर आणि वेदनाशामक डायक्लोफेनॅकवरही या पेयाचा परिणाम नोंदला गेला आहे. गर्भिणीस ते देऊ नये.

निळ्या चहाविषयी थोडक्यात. तो गोकर्णीच्या, म्हणजे अपराजितेच्या, फुलांचा. आपल्याकडे वापर मुळाचा आणि बीजाचा, तोही प्रामुख्याने रेचनासाठी. केरळात तिलाच शंखपुष्पी मानतात. मुळाची मेध्य कीर्ती फुलाच्या डब्यावर चिकटवणे हा उघड दुरुपयोग आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली, तर युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये वाळलेल्या फुलांच्या विक्रीबाबत सुरक्षिततेच्या कारणावरून हरकत घेतली. लिंबू पिळताच निळ्याचे जांभळे होते, ही करमणूक आहे, चिकित्सा नव्हे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी कायद्याची बाजू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले की ‘चहा’ हे नाव केवळ चहाच्या झाडापासून केलेल्या उत्पादनालाच लावता येईल. फुले वा वनस्पतींच्या फांटाला नव्हे. आणि १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात रक्तदाब, मधुमेह व स्थूलता ही तिन्ही नावे आहेत. दुकानाबाहेर ‘बीपीवर रामबाण’ असा फलक लावणाऱ्याने हे परिशिष्ट एकदा वाचून पाहावे. डब्यामागे मोठी कंपनी आहे, पण फलक आपल्या दुकानावर आहे.

प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की आपल्या संघटनेच्या सभासदांनी ‘हिबिस्कस’ हा शब्द चिठ्ठीवर आणि पुडीवर लिहिणे थांबवावे. ‘लाल अंबाडी, वाळलेली बोंडे’ असे लिहावे, खाली शास्त्रीय नाव, तोडणीचा महिना आणि मात्रा. बोंडे दिवाळीच्या पुढेमागे तयार होतात. ती कोवळी, करकरीत असतानाच तोडावी लागतात. आतली बीजकुपी काढून सावलीत वाळवली आणि हवाबंद बरणीत ठेवली की रंग व आंबटपणा टिकतो. धुळे-जळगावच्या दोन-चार औषधालयांनी एकत्र येऊन पेरणीपूर्वीच शेतकऱ्याशी बोलणी केली, तर कपाशीच्या कडेची ती ओळ पुन्हा लागू शकेल. त्यासाठी ही बोलणी मे महिन्यातच व्हायला हवीत, कारण मृगाचा पाऊस पडल्यावर शेतकऱ्याला बोलायला सवड नसते.