खिडकीवरचे समाधान

प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या रुग्णाची अखेरची गाठ पडते ती औषधाच्या खिडकीशी. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी लिहून दिली, तरी हातात गोळ्या पडेपर्यंत त्याच्या लेखी उपचार झालेलाच नसतो. अशा रुग्णास 'सेवेबाबत समाधानी आहात काय?' असे विचारले, तर तो बहुधा होकारार्थी मान हलवितो. या होकाराने आरोग्य प्रशासनाने हुरळून जाऊ नये. एकही औषध न मिळण्याची सवय झालेल्याला चारांपैकी दोन मिळाली, तरी ती कृपाच वाटते. शिवाय तक्रार केली, तरी पुढच्या खेपेस त्याच खिडकीपुढे उभे राहावयाचे असते. ज्याच्या अपेक्षाच खुरटल्या आहेत, त्याचे समाधान हा चांगल्या सेवेचा पुरावा ठरू शकत नाही.

मग मोजावयाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच यासाठी साधी मापे सुचविली आहेत. लिहून दिलेल्या औषधांपैकी प्रत्यक्ष किती मिळाली, औषध देताना रुग्णाला किती वेळ दिला, पुडीवर आवश्यक मजकूर लिहिला होता काय, आणि औषध केव्हा व किती घ्यावयाचे हे रुग्णाला नीट सांगता आले काय, ही ती मापे होत. त्यांत भिडेला वाव नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. हा निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु केसपेपरचे नाममात्र शुल्क माफ करावयाचे आणि औषध मात्र बाहेरून आणावयास सांगावयाचे, असे जेथे घडते तेथे त्या सवलतीला अर्थ उरत नाही. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांच्या बाबतीत तर हे घातकच ठरते. गोळी चुकली म्हणून त्या दिवशी काही दुखत नाही. दुखते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आठवड्याच्या गोळ्यांसाठी दर वेळी मजुरी बुडवून एस.टी.ने येणे शेतमजुराला परवडत नाही. अशांना महिन्याची औषधे एकदम देणे हाच शहाणपणा होय.

याचा सारा दोष खिडकीमागच्या औषध निर्माण अधिकाऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. सुमारे ३० हजार, तर डोंगराळ व आदिवासी भागांत २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असावे, असा निकष आहे. औषधवाटपाबरोबरच साठ्याच्या नोंदी आणि मागणीपत्रेही त्यालाच सांभाळावी लागतात. कोठारच रिकामे असेल, तर त्याचे सौजन्य कोणाच्या उपयोगी पडणार? औषधखरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिनकडे सोपविण्यात आले. पुढे २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्यात आले. खरेदी करणारे बदलले, एवढ्याने साठा भरत नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये यासाठी महामंडळ स्थापिले. तेथे प्रत्येक आरोग्यसंस्थेस पासबुक देऊन, ठरलेल्या रकमेत गरजेप्रमाणे जिल्हा कोठारातून औषधे उचलण्याची सोय करण्यात आली. मागणी खालून यावी आणि पुरवठा तिच्यामागे जावा, हे तत्त्व अनुकरणीय आहे.

प्रत्येक केंद्रात उपलब्ध औषधांची यादी दर्शनी भागी लावावी, न मिळालेल्या औषधांची नोंद चिठ्ठीवरच व्हावी आणि महिन्याअखेर तिचा हिशेब जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे यावा. याला फारसा खर्च नाही. रुग्ण समाधानी आहे की नाही, हे विचारण्यापूर्वी तो पूर्ण औषधे घेऊन घरी गेला काय, हे शासनाने स्वतःस विचारावे.